पडद्यामागून नोकरी मिळाली, पगाराचं काय?

म्युझिक शिकून डिग्री घेतलेल्या मुलीला मुलापेक्षा नोकरी कमी मिळते का हे मोजायला गेलं की कोणीतरी म्हणतंच, अहो तिचं वाजवणंच तेवढं नसेल! अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनी, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांनी, या वादावर नकळत एक प्रयोगच करून ठेवलाय. पूर्वी कंडक्टर (वाद्यवृंदाला हाताने इशारे देणारा प्रमुख) ओळखीच्या गुरूंचे शिष्य उचलायचा, आणि १९७० च्या आसपास टॉपच्या पाच ऑर्केस्ट्रांत बायका ५ टक्केही नव्हत्या. मग हळूहळू ऑडिशनला पडदा आला, वाजवणारा दिसणार नाही फक्त ऐकू येणार, काही ठिकाणी तर सँडलचा आवाज येऊ नये म्हणून खाली कार्पेट.

क्लॉडिया गोल्डिन (हो, २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या) आणि सेसिलिया राउस यांनी या ऑडिशनचे जुने रेकॉर्ड तपासले आणि २००० साली पेपर छापला. आता गंमत बघा, सरसकट आकडे काढले तर पडद्यामागे बायकांचा निकाल उलट वाईटच दिसतो! त्यांचं म्हणणं असं की पडदा आहे म्हटल्यावर जास्त बायका ऑडिशनला यायला लागल्या, त्यात कच्च्या तयारीच्याही आल्या, म्हणून सरासरी घसरली. मग त्यांनी तीच व्यक्ती पडद्यासकट आणि पडद्याशिवाय कशी ठरली ते पाहिलं, तेव्हा काही प्राथमिक फेऱ्यांत बाईची पुढे जायची शक्यता दीडपट झालेली दिसली. सेमीफायनलला मात्र पडद्याने तोटाच दिसतो, आणि काही आकडे इतके थोड्या लोकांवरचे आहेत की त्यांवर फार जोर देता येत नाही. हे पेपरच्या सारांशातच कबूल केलंय, पण पडद्याची गोष्ट सांगणारे तेवढा भाग सोयीस्कर गाळतात. मला विचाराल तर दिशा पटते, 'दीडपट' हा आकडा छातीठोकपणे सांगू नये. शिवाय सगळं श्रेय पडद्याचं नाहीच, तेव्हा म्युझिक स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलीही वाढत होत्या. २०२२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रात ४५ बायका आणि ४४ पुरुष झाले, १८४२ मधल्या स्थापनेपासून बायका जास्त पहिल्यांदाच.

पण नोकरी लागली की पडदा बाजूला होतो ना. एलिझाबेथ रो २००४ मध्ये पडद्यामागे वाजवून बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मुख्य बासरीवादक झाल्या. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुख्य ओबोवादकाला (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकवाद्य), जॉन फेरिलोंना, जास्त पगार, रो यांना त्याच्या साधारण ७५ टक्के. फेरिलो मेट्रोपॉलिटन ऑपेरातून आलेले, तगडी ऑफर देऊन आणलेले, आणि पुढचा पगार मागच्या पगाराच्या हिशोबाने ठरत गेला की जुनी तफावत आपोआप पुढे सरकते, कोणी मुद्दाम काही करावंच लागत नाही. २०१८ च्या १ जुलैला मॅसॅच्युसेट्समध्ये समान वेतनाचा नवा कायदा लागू झाला, दुसऱ्याच दिवशी रो यांनी केस टाकली. फेरिलोंनी स्वतः त्यांची बाजू घेतली. २०१९ मध्ये तडजोड झाली, किती रकमेवर ते दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवलंय.