विंपोलचा पडका किल्ला, थोडी पार्श्वभूमी
इंग्लंडमधल्या विंपोल इस्टेटीवरचा तो पडक्या किल्ल्याचा बुरूज बघून सगळे आधी हेच विचारतात की हा किल्ला पाडला कोणी, तर कोणीच नाही, तो बांधलाच पडका. केंब्रिजशायरमधल्या त्या इस्टेटीच्या मालकांनी १७४९ च्या सुमारास एका हौशी आर्किटेक्टला निरोप धाडला की आत घर नको, खोलीपण नको, फक्त जुन्या किल्ल्याच्या भिंती वाटतील असं काहीतरी हवं, जे वाड्यातून दिसेल. डिझाइन तयार झालं आणि तसंच पडून राहिलं. १७६४ ला मालक गेले, मग बागेचं मोठं काम निघालं तेव्हा, १७७० च्या आसपास, मुलाने ते बांधून घेतलं.

अशा नुसत्या दिसण्यापुरत्या बांधलेल्या वास्तूला इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थ मूर्खपणा, आणि मला हा शब्द अजिबात आवडत नाही. ‘खोटा अवशेष’ पण नको. दगड खरा, गवंड्यांची मेहनत खरी, आता तर अडीचशे वर्षांचं वयही खरं, मग खोटं काय उरलं?

आणि खरा गुंता इथेच आहे. ज्यात खोली नको होती त्यात पुढे शिकारीच्या रानाचे राखणदार राहिले, नंतर बुरूज रिकामा पडला, दगड खडूच्या जातीचा, नरम, त्यामुळे ऊनपावसाने तो खरोखरच ढासळायला लागला. १९७६ ला शेवटच्या मालकीणबाईंनी (मुंबईत जन्मलेल्या एका मोठ्या इंग्रजी लेखकाची मुलगी) इस्टेट वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली, आणि २०१४-१५ मध्ये डागडुजी झाली तेव्हा वाद आलाच की पडक्या वास्तूची दुरुस्ती कशाला, पडू दे की. माझ्या मते हे साफ चूक आहे. कुठली भिंत कुठे तुटलेली दिसावी हे कोणीतरी बसून ठरवलं होतं, कागदावर काढलं होतं, ते म्हणजे डिझाइन. पावसाने जे खाल्लं ते डिझाइन नव्हे, ते नुकसान. दोन्ही एकाच मापाने मोजलं तर मूळ कल्पनाच हातातून जाते, आणि ती गेली की परत कुठून आणणार?

म्हणून झिजलेलं सावरलं, मुद्दाम तुटकं ठेवलेलं तुटकंच राहू दिलं. २०१६ मध्ये या कामाला युरोपातलं वारसा जतनाचं मोठं बक्षीस मिळालं.