इंजिनचे पार्ट पावडर कोटिंगला देण्याआधी

जुन्या जीपचं किंवा पद्मिनीचं इंजिन एकदा खाली उतरलं की मालकाच्या मनात येतंच, आता उघडलंच आहे तर टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण), चेंबर (खालची ऑइलची टाकी), ब्रॅकेट सगळं नव्यासारखं करून घेऊ. जरूर करा. फक्त पार्ट घेऊन शिरोलीला आमच्याकडे निघण्याआधी हे पत्रक वाचा. खिडकीचं ग्रिल आणि इंजिनचा पार्ट आम्ही एकाच भट्टीत भाजतो, पण कामात फार फरक आहे. ग्रिलला सगळीकडे रंग लागला की झालं. इंजिनच्या पार्टला रंग कुठे लागता कामा नये, ते आधी ठरवावं लागतं.

पावडर पक्की कशी होते

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतो. कोरडी पावडर गनमधून विजेचा भार घेऊन बाहेर पडते आणि आर्थिंग दिलेल्या पार्टला चिकटते. भट्टीत ती वितळते आणि तिचा अखंड थर तयार होतो. थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन. आमच्या नेहमीच्या पॉलिस्टर पावडरला २०० अंश सेल्सिअसला साधारण १० मिनिटं लागतात. हे २०० अंश धातूचे, भट्टीतल्या हवेचे नाहीत. पत्र्याचं चेंबर बघता बघता तापतं, बीडचा (ओतीव लोखंडाचा) जाड ब्रॅकेट मात्र सावकाश तापतो. दोन्ही एकत्र आत घालून एकत्र बाहेर काढले तर बीडवरचा रंग कच्चा राहतो, आणि तो दिसतो अगदी पक्क्यासारखा. म्हणून जाड आणि पातळ पार्ट आम्ही वेगवेगळे भाजतो. तुम्हाला खात्री करायची असेल तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थिनरचं फडकं जोरात घासून बघा. रंग मऊ पडला किंवा भरपूर फडक्यावर आला तर तो कच्चा आहे. असा पार्ट आमच्याकडून गेला असेल तर परत आणा, आम्ही पुन्हा करून देऊ.

ॲल्युमिनियमची वेगळीच गोष्ट आहे. ओतीव ॲल्युमिनियमच्या पोटात बारीक पोकळ्या असतात आणि वर्षानुवर्षांचं ऑइल त्यांत मुरलेलं असतं. थेट रंग मारून भाजला तर ते फसफसून वर येतं आणि रंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यामुळे असा पार्ट आधी रिकामाच भाजावा लागतो, तोही रंगाच्या तापमानापेक्षा थोडा जास्त. बाहेर आलेलं तेल पुसायचं, धुवायचं, मगच गन. तेलकट चेंबरला हे कधी कधी दोनदा करावं लागतं. दोन दिवस जास्त का मागता, असं विचारलंत तर कारण हे आहे.

धुण्याच्या टाक्याही वेगळ्या. लोखंडाचं ग्रीस काढणारं कॉस्टिकचं पाणी ॲल्युमिनियमला खातं, काळं पाडतं. पार्ट कशाचा आहे ते देतानाच सांगा. ठाऊक नसेल तर लोहचुंबक लावून बघा.

टॅपेट कव्हर आणि ब्लास्टिंग

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक होता होता राहिली, ती इथे सांगतो. एक टॅपेट कव्हर ब्लास्टिंग करून (हवेच्या दाबानं बारीक कण मारून), धुऊन, हवा मारून तयार होतं. डोळ्यांना स्वच्छ. भट्टीवर टांगण्याआधी कानाशी धरून हलवलं तर आतून खर्र आवाज आला. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर उडू नये म्हणून या कव्हरच्या पोटात पातळ पत्र्याची प्लेट रिव्हेट केलेली असते. तिच्या मागे ब्लास्टिंगचे कण जाऊन बसले होते. पुन्हा धुतलं, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा धुतलं, आवाज कमी झाला पण गेला नाही. शेवटी रिव्हेट ड्रिल करून प्लेट काढली. कोपऱ्यात जुन्या ऑइलमध्ये कालवलेला चमचाभर चुरा निघाला. तो इंजिनात उतरला असता तर बेअरिंग आणि क्रँक, दोन्ही खलास.

तेव्हापासून प्लेट निघत नसेल तर त्या कव्हरला आम्ही ब्लास्टिंग करत नाही, फक्त केमिकलनं साफ करतो. रंग थोडा कमी गुळगुळीत बसतो, ते चालेल. इनटेक मॅनिफोल्डही (इंजिनात हवा नेणारा पाइपांचा पार्ट) सगळी तोंडं बंद केल्याशिवाय ब्लास्टिंगला घेत नाही.

रंग कुठे नको

पॅकिंग बसतं ते तोंड, आटे, बेअरिंगची जागा, डाऊलची (दोन पार्ट नेमके जुळवणाऱ्या पिनांची) भोकं, हे सगळं सिलिकॉनच्या बुचांनी आणि उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकतो. दोन जागा मात्र मेकॅनिकसुद्धा विसरतात. एक, बोल्टचं डोकं टेकतं ती गोल जागा. तिथे पावडर राहिली की इंजिन तापल्यावर ती दबते आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. दुसरी, आर्थिंगची पट्टी लागते ती जागा. तिथे उघडा धातूच हवा, नाहीतर सेल्फ (स्टार्टर) नीट फिरणार नाही आणि दोष बॅटरीवर जाईल. मार्करच्या खुणा पहिल्याच टाकीत धुऊन जातात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून त्यावर गोल करून पाठवा.

काय घेत नाही

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा पार्ट) घेत नाही. तो इतका तापतो की साधी पावडर जळून पोपडे निघतात. पितळी रेडिएटरही नाही. त्याचं शिशा-कथलाचं सोल्डर (डाग) १८३ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, म्हणजे आमच्या भट्टीत टाकी सुटून येईल. क्रँक पुलीत दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असेल तर ते भट्टीत खराब होतं आणि पुली गाडीत असताना सटकते. इंजिन माउंटिंगचंही तेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनचे फिनवाले सिलिंडर घेत नाही, कारण रंगाचा थर उष्णता अडवतो. कनेक्टिंग रॉड, रॉकर, स्प्रिंग यांना रंगाची गरजच नाही. लांबी (पुट्टी) किंवा एम-सील भरून बुजवलेली चीर भट्टीत टिकत नाही. चेंबरला चीर असेल तर आधी वेल्डिंग करून आणा, आणि ती लपवू नका. नट-बोल्टना झिंक प्लेटिंग करून घ्या.

कोणता रंग

टॅपेट कव्हरला आम्ही रिंकल काळा सुचवतो. सुरकुत्यांच्या त्या पोतात ओतकामाचा खडबडीतपणा लपतो. ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा उठून दिसतो. लाल रिंकल देखणा असतो, पण त्यात बसलेली ऑइलची घाण मऊ ब्रशनं काढत राहावी लागते. ब्रॅकेट आणि चेंबरला साधा काळा, रंगाच्या तक्त्यातला नंबर आर ए एल ९००५, पुरेसा आहे.

पार्ट बसवताना पॅकिंग नवीन घाला. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडू नका, रंगाची कड उचलते. ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पुसा.

पार्ट पूर्ण उघडून, सील आणि बुश काढून, डिझेलनं एकदा धुऊन आणा. आम्ही ते तुमच्यासमोर मोजतो आणि पावतीवर एकेक लिहून दोघांची सही घेतो. दर पार्ट बघून सांगतो, फोनवर नाही.