ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि रेडिओतले सेल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत ट्रान्झिस्टर बहुधा खिडकीत असतो, कारण तिथे स्टेशन स्वच्छ लागतं. पण मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि त्या खिडकीत रिचार्जेबल सेल वापरल्याने झिजत नाही इतका नुसता तापून झिजतो.

आधी मागचं झाकण काढून आत काय आहे ते पाहावं. मोबाइलसारखी चपटी, 3.7 व्होल्ट लिहिलेली बॅटरी असेल तर ती लिथियम-आयनची. पेन्सिल सेलवर 1.2 व्होल्ट असेल तर तो बहुतेक निकेल-मेटल हायड्राइडचा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो 1.5 व्होल्टचा साधा सेल चार्ज करण्यासाठी नसतोच. चार्जरमध्ये घातला तर आत वायू साचून तो गळतो, कधी फुटतोही. काही रेडिओंत अ‍ॅडॉप्टर लावला की आतलेच सेल चार्ज होऊ लागतात. अशा रेडिओत साधे सेल असतील तर चार्जिंगचा खटका बंद आहे ना, हे आधी बघायला हवं.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस’ हा घरोघरच्या काकांचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने 1899 मध्ये बनवलेल्या या सेलच्या बाबतीत त्यात थोडंफार तथ्य होतं. लिथियमला मात्र तळ गाठणं मानवत नाही, आणि काठोकाठ भरून राहणंही नाही. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) 4.2 व्होल्ट असतो. या दाबाला आतला द्रव इलेक्ट्रोडशी, म्हणजे सेलच्या आतल्या धन-ऋण टोकांशी, हळूहळू अभिक्रिया करत राहतो, काही लिथियम कायमचं अडकून पडतं आणि तेवढी क्षमता गेली ती गेलीच. उष्णतेने हे सगळं वेगाने घडतं. 40 टक्के भरलेली बॅटरी 25 अंशांत वर्षभर ठेवली तर साधारण 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर जेमतेम 65 टक्के. म्हणून सुट्टीत पुण्याला जाताना रेडिओ निम्मा चार्ज करून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवावा. फुल करून गच्चीलगतच्या खोलीत टाकून जाणं म्हणजे पैसे उन्हात वाळवणं.

निकेल-मेटल हायड्राइडचं दुखणं वेगळं. सेल भरत आला की पुढची वीज साठत नाही. धन इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन सुटतो, ऋण इलेक्ट्रोडवर तो पुन्हा शोषला जातो आणि त्या व्यवहारात सेल तापतो. तापताच त्याचा दाब काही मिलिव्होल्ट घसरतो. चांगला चार्जर हीच घसरण हेरून थांबतो. स्वस्तातला चार्जर काहीच हेरत नाही, घड्याळ आपणच बघायचं: 2000 एमएएचचा (ही सेलवर लिहिलेली क्षमता) रिकामा सेल 200 मिलिअँपिअरच्या प्रवाहावर 14 ते 16 तास घेतो. त्यातही दोन सेल जोडीनेच भरणारा चार्जर असला तर अर्धा भरलेला आणि रिकामा सेल एकत्र घालू नयेत, कारण आधीचा भरून तापत बसतो. रेडिओतही तेच: चारांतला एक कमजोर असेल तर बाकीचे तिघे त्यातून उलटा दाब ढकलतात आणि तो कायमचा बाद होतो. चारही एकाच खरेदीतले, एकत्रच वापरलेले हवेत.

चार साधे सेल 6 व्होल्ट देतात, हे चार 4.8. त्यामुळे बॅटरीचं चिन्ह अर्धं दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. दाब बराच वेळ तेवढाच टिकतो आणि मग अचानक कोसळतो. बातम्या ऐन रंगात असताना रेडिओ गप्प होतो, त्याचं कारण हेच.

चार्जिंग सावलीत, फरशीवर, उशी-चादरीपासून लांब. उन्हातून आणलेला रेडिओ कूलरसमोरच्या खोलीत थोडा निवू द्यावा आणि मगच प्लग लावावा. लिथियम बॅटरी फुगली, झाकण नीट बसेना, की तिचा वापर तिथेच थांबवायचा. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.