उपकरणांचं बारसं कोण करतं?

पेन ड्राइव्ह यूएसबीच्या खाचेत गेला की दोनेक सेकंदांत त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. तेवढ्या वेळात लिनक्सच्या पोटात काय काय घडतं, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एका जुन्या, २ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर मी हातानं एक छोटी सिस्टम उभी करायला घेतली आणि तिच्यातला यूडेव्ह, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था लावणारा प्रोग्रॅम, काढून त्या जागी एमडेव्ह हा त्याच कामाचा छोटा प्रोग्रॅम बसवला, तेव्हा ते कळलं.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं फाइलसारखी दिसतात आणि ती '/डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत असतात. या फाइली आतून रिकाम्या. त्यांच्याजवळ असतात फक्त दोन आकडे, मेजर आणि मायनर. मेजर सांगतो कोणता ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, आणि मायनर सांगतो त्या ड्रायव्हरच्या हाताखालचं कोणतं उपकरण. पहिली डिस्क एसडीए म्हणजे ८ आणि ०, दुसरी एसडीबी म्हणजे ८ आणि १६. मधले आकडे पहिल्या डिस्कच्या पार्टिशनांसाठी, म्हणजे तिच्या भागांसाठी, राखलेले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ओळखतो तो या आकड्यांना, नावं आपल्या सोयीसाठी.

पूर्वी ही नावं आधीच तयार करून ठेवत. उपकरण जोडलेलं असो वा नसो, त्याची फाइल हजर. रेड हॅट ९ च्या '/डेव्ह' मध्ये अशा १८,००० हून जास्त नोंदी होत्या आणि त्यातल्या बहुतेकांमागे यंत्रच नव्हतं. पाहुणा यायचा पत्ता नाही आणि पानं मात्र गावजेवणाची वाढलेली, असा प्रकार. मग ही नावं कर्नलमध्येच तयार करणारं डेव्हएफएस आलं, ते टिकलं नाही. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह मांडला. त्यातला विचार सरळ होता: उपकरण आल्याचं कर्नलनं फक्त कळवावं. नाव काय द्यायचं, मालक कोण, हात कुणी लावायचा, हे कर्नलच्या बाहेरच्या एका प्रोग्रॅमनं ठरवावं.

कर्नल कळवतो म्हणजे काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. पेन ड्राइव्ह लागला की तो एक लहानसा निरोप सोडतो: क्रिया 'ॲड', जात 'ब्लॉक', मेजर ८, मायनर १६, नाव 'एसडीबी', शिवाय एक क्रमांक. एक पेन ड्राइव्ह लावला तरी असे अनेक निरोप निघतात, कारण यूएसबीचा दुवा, डिस्क, तिचं पार्टिशन हे सगळे वेगवेगळे धरले जातात. यूडेव्ह कायम जागा असतो, नेटलिंक नावाच्या वाटेनं आलेला प्रत्येक निरोप ऐकतो, नियमांच्या फाइली चाळतो आणि उपकरणाचं बारसं करतो. एसडीबी हे पाळण्यातलं नाव. पुढच्या वेळी दुसरी डिस्क आधी सापडली, तर तेच नाव तिला जाईल. म्हणून डिस्कवरच्या फाइल सिस्टमचा कायमचा क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, वाचून यूडेव्ह आणखी एक नाव जोडून ठेवतो. ते दाखल्यावरचं नाव, डिस्कची जागा बदलली तरी न बदलणारं.

मग हा काढायचा कशाला? अनेकांनी २०१२ नंतर हा विचार केला, कारण त्या वर्षी यूडेव्हचा कोड सिस्टमडी या यंत्र सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या मोठ्या प्रकल्पाच्या कोडमध्ये मिसळला गेला. ज्यांना सिस्टमडी नको होतं त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, आणि जेंटू या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी ई-यूडेव्ह ही वेगळी शाखा काढली. माझं कारण साधं होतं. त्या लॅपटॉपला दोन बाहेरच्या डिस्का आणि एक सिरियल केबल एवढंच जोडायचं होतं. तीन पाहुण्यांसाठी एवढा मोठा कारभार मला पटेना.

एमडेव्ह बिझीबॉक्स या साधनसंचात येतो. ज्या एका फाइलीत कॉपी करणारी, यादी दाखवणारी, आर्काइव्ह उलगडणारी शेकडो साधनं असतात, त्यातलंच हे एक. त्याचे नियम एका फाइलीत मावतात. माझ्या सिरियल केबलची ओळ अशी होती:

टीटीवाययूएसबी[०-९]+ रूट:डायलआउट ६६०

आधी नावाचा नमुना, मग मालक आणि गट, शेवटी परवानगी. डायलआउट गटातल्या माणसांनी लिहा-वाचायचं, इतरांनी नाही. पुढे '@' घालून एखादी आज्ञा लिहिली, तर उपकरण आल्यावर ती चालते. पहिली जुळणारी ओळ लागू होते आणि शोध तिथेच थांबतो. यूडेव्हच्या नियमांच्या फाइली मी कधी शेवटपर्यंत वाचल्या नव्हत्या. ही फाइल एका बैठकीत वाचून झाली आणि केबल लावल्यावर नेमकं काय होणार, हे मला आधीच सांगता येऊ लागलं. यंत्रावर ताबा असल्याचं ते समाधान मला फार मोलाचं वाटतं.

एवढ्याशा साधनाला हे जमतं, कारण यूडेव्हची जुनी कामं कर्नलनंच हळूहळू स्वतःकडे घेतली आहेत. २००९ मध्ये २.६.३२ आवृत्तीत डेव्हटीएमपीएफएस आलं, तेव्हापासून '/डेव्ह' मधल्या फाइली कर्नल स्वतः तयार करतो. २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून फर्मवेअरही, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा कोडही, तो थेट डिस्कवरून उचलतो. पाळण्यातलं नाव आता घरचेच ठेवतात. यूडेव्ह-एमडेव्हसारख्या डिव्हाइस मॅनेजरकडे राहिलं ते परवानग्या, योग्य ड्रायव्हर बोलावणं आणि दाखल्यावरचं नाव.

तरी एमडेव्ह चालवायची जुनी पद्धत बिनधोक नाही. तिच्यात कर्नलला एका प्रोग्रॅमचा पत्ता देऊन ठेवायचा आणि प्रत्येक निरोपासाठी कर्नल त्या प्रोग्रॅमची नवी प्रत सुरू करणार. एरवी हे निभतं. यंत्र सुरू होताना मात्र थोड्या क्षणांत निरोपांचा लोंढा येतो, तितक्याच प्रती उभ्या राहतात आणि छोट्या यंत्राची मेमरी संपूही शकते. निरोपाचा तो क्रमांकही इथेच कामी येतो, कारण मागून सुटलेली प्रत आधी पोचली तर 'डिस्क काढली' हे 'डिस्क लावली'च्या आधी हाताळलं जाईल. म्हणून बिझीबॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत एमडेव्ह यूडेव्हसारखाच जागा राहून नेटलिंकवर ऐकू शकतो. लॉराँ बेर्को यांचा एमडेव्हडी हेच करतो आणि नियमांची फाइल तीच वापरतो. आज कुणी विचारलं, तर मी याच दोहोंपैकी एक घ्यायला सांगेन.

खरी अडचण मला भलतीकडेच आली. गंमत म्हणून त्याच लॅपटॉपवर ग्राफिकल पडदा चालू केला, तर बाण पडद्याच्या मधोमध थिजलेला. माऊस हलवा, टचपॅडवर बोट फिरवा, काही नाही. '/डेव्ह' मध्ये माऊसची फाइल होती, ती वाचली की आकड्यांचा लोंढा येत होता, म्हणजे यंत्र बोलत होतं. ऐकणारा मात्र भलत्याच दाराशी उभा होता. पडदा आणि माऊस यांच्या मधलं लिबइनपुट उपकरणांची यादी लिबयूडेव्ह या लायब्ररीकडून मागतं, आणि ती लायब्ररी यूडेव्हनं लिहून ठेवलेल्या नोंदी शोधते. एमडेव्ह तशा नोंदी लिहितच नाही. उपाय आहेत. जुन्या धाटणीच्या फाइलीत माऊस आणि कीबोर्ड हातानं नोंदवता येतात, किंवा लिबयूडेव्ह-झीरो नावाची पर्यायी लायब्ररी बसवता येते. पण रोजच्या वापराच्या डेस्कटॉपवर यूडेव्ह किंवा ई-यूडेव्ह राहू द्यावा, असं मला वाटतं. तिथे कोण कधी काय खोचेल याचा नेम नसतो.

आणि यूडेव्हशिवाय जगणं म्हणजे काही जगावेगळं नव्हे. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो आणि त्यात हे काम यूइव्हेंटडी नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम करतो. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते प्रॉकडी करतो. अल्पाइन लिनक्समध्ये तर सुरुवातीला एमडेव्हच असतो आणि एका आज्ञेत यूडेव्हकडे वळता येतं.

माझ्या त्या लॅपटॉपवर पडदा मी पुन्हा बंद केला, एमडेव्ह तसाच ठेवला. रात्री अडीच वाजता एका डिस्कवरच्या फाइलींची नक्कल दुसरीवर जायची. एके दिवशी वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा दुसरी डिस्क आधी जागी झाली आणि एसडीए-एसडीबी ही नावं उलटली. नक्कल उलट्या दिशेनं सुरू व्हायच्या आत मी पाहिलं, म्हणून दोन वर्षांचे फोटो वाचले. पाळण्यातल्या नावावर विसंबलो होतो, आणि दाखल्यावरचं नाव जोडून ठेवणारा आता घरात नव्हता. मूळ एमडेव्ह ते काम आपण स्क्रिप्ट जोडून दिल्याशिवाय करत नाही. पण यूयूआयडी तर डिस्कच्या पोटातच लिहिलेला असतो आणि डिस्क वापरासाठी जोडून देणारी माउंट ही आज्ञा तो स्वतः वाचू शकते. दोन्ही यूयूआयडी कागदावर उतरवून घेतले, कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलीत एसडीए-एसडीबी खोडून त्या जागी ते लिहिले. मग मुद्दाम दोन्ही डिस्कांच्या केबली एकमेकींच्या जागी लावल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. नावं उलटलीच होती. डिस्का मात्र आपापल्या जागी माउंट झाल्या.