लघुग्रहांचा पट्टा म्हणजे फुटलेला ग्रह नव्हे

‘मंगळ आणि गुरूच्या मध्ये एक मोठा ग्रह होता, तो फुटला आणि त्याचे लघुग्रह झाले,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतोय. तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला खगोलशास्त्रज्ञांनीही तो मांडला होता.

आधी वजन पाहू. पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी वस्तुमान चंद्राच्या साधारण ३ टक्केच भरतं. त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त एकट्या सेरेसचं, म्हणजे पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या गोलाचं. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किमी, चंद्राचा ३,४७४. भागाकाराचा घन करून बघा: चंद्रात पन्नास सेरेस मावतात! एवढ्या ऐवजातून मोठा ग्रह कसा होणार?

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. पट्ट्याच्या बाहेरच्या भागातला हायजिया हा लघुग्रह १८४९मध्ये नेपल्सहून सापडला. आकाराने चौथा, पण शोधात दहावा, कारण त्याचा कार्बनयुक्त पृष्ठभाग फार काळा आहे. आतल्या भागात खडकाळ, उजळ लघुग्रह जास्त. बाहेर असे काळे. स्फोटातले तुकडे असे सूर्यापासूनच्या अंतरानुसार लागले नसते.

तिथे ग्रह जमलाच नाही. गुरूच्या ओढीने कण एकमेकांवर वेगाने आदळत राहिले आणि बरंचसं साहित्य बाहेर फेकलं गेलं.