रात्रीचा बर्फ, दिवसाचा गारवा
‘रात्री बर्फ गोठवून दिवसा त्यावर इमारत गार केली, तरी वीज तेवढीच लागते, मग उपयोग काय?’ हा समज जुना आहे आणि अर्धा खराही आहे. युनिट फारसे वाचत नाहीत. बर्फासाठी यंत्राला शून्याखाली जावं लागतं, त्यामुळे कधी थोडे जास्तच जातात. पण खरा प्रश्न वेळेचा आहे. उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालतात, आणि त्या मोजक्या तासांसाठी जादा वीजकेंद्रं सज्ज ठेवावी लागतात. तो भार रात्रीवर ढकलता येतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. दीड टनी एसीचा तासाभराचा गारवा सुमारे ५७ किलो बर्फात मावतो. (एसीचा ‘टन’ मुळात बर्फावरूनच आला.) एकदम येणाऱ्या भाराची किंमत पडताळायची तर एखाद्या कारखान्याच्या बिलात युनिटांशिवाय वेगळा ‘मागणी आकार’ पाहा. तो कमाल भारावर ठरतो.