स्वप्नात छत्री हरवली तर घरावर संकट येतं का?

पावसाळ्यात मुंबईत निम्म्या लोकांना छत्री हरवल्याचं स्वप्न पडत असेल आणि फॅमिली ग्रुपवर सांगितलं की कुठली तरी मावशी अर्थ पाठवतेच, घराचा आधार जाणार म्हणे. चावी दिसली तर नवीन संधी, चप्पल हरवली तर अजून काहीतरी. असल्या याद्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण वस्तू दिसतात त्या उगाच दिसत नाहीत हेही खरंय.

मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या शेवटी आलं, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत छत्री, काठी अशा लांब वस्तूंचा अर्थ पुरुषाचं लिंग असा दिलाय (हे ग्रुपवर टाकू नका). पण त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट जास्त टिकली, की स्वप्नात आदल्या दिवसातलं काहीतरी उरलेलं असतंच.

यावरचा माझा आवडता प्रयोग 2000 साली हार्वर्डमधल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या टीमने केला. 27 जणांना तीन दिवसांत मिळून सात तास टेट्रिस, तो वरून ठोकळे पडणारा व्हिडिओ गेम, खेळायला लावला आणि झोप लागता लागता उठवून विचारलं काय दिसलं. 17 जणांना पडणारे ठोकळे दिसले होते. त्यातले पाच जण मेंदूला इजा झाल्यामुळे नवीन काही लक्षात न राहणारे पेशंट होते, म्हणजे आपण असा गेम खेळलोय हेच त्यांना आठवायचं नाही, तरी पाचातल्या तिघांना ठोकळे दिसले! आणि गंमत म्हणजे ती खोली, तो टेबल, कीबोर्ड असलं काही लोकांना दिसलं नाही, ज्यात दिवसभर डोकं घातलं होतं तेवढंच आलं. आता हे झोप लागतानाचं झालं, पहाटेच्या लांबलचक स्वप्नांत एवढा सरळ हिशोब नसतो.

ती स्वप्नं जास्त करून रेम झोपेत पडतात, म्हणजे मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, जी 1953 मध्ये शिकागोत सापडली. तेव्हा मेंदूतला भावना हाताळणारा भाग, अमिग्डाला, जोरात चालू असतो आणि तर्क लावणारा पुढचा भाग बराच थंडावलेला. म्हणून दादरला लोकलमधून उतरून आपण थेट शाळेच्या वर्गात पोचतो, हातात ऑफिसचा डबा, आणि यात काही चुकतंय असं वाटतच नाही. शिवाय काही अभ्यासांत असं दिसलंय की घटना दुसऱ्या दिवशी नाही तर पाच-सात दिवसांनीही स्वप्नात डोकावते, मग आपण म्हणतो ही चावी आली कुठून, गेल्या मंगळवारी दारात उभं राहून पर्स उलटी केलेली ते विसरलेलो असतो.

त्यामुळे डबा म्हणजे पैसा, बादली म्हणजे आजार असा सगळ्यांना लागू होणारा अर्थ निघत नाही. चाळीत पहाटे पाणी भरणाऱ्या बाईची बादली आणि टॉवरमध्ये चोवीस तास पाणी असलेल्याची बादली एक कशी असेल? वस्तूपेक्षा ती दिसताना काय वाटत होतं, घाई, भीती, लाज, ते बघा, दिवसा डोक्यात काय चाललंय याच्याशी त्याचा मेळ बरेचदा लागतो.

एखाद्या अपघातानंतर तेच भीतीदायक स्वप्न परत परत पडून झोप उडत असेल तर मात्र मावशीला नाही, मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. यावर इमेजरी रिहर्सल नावाचा उपचार आहे, दिवसा जागेपणी त्या स्वप्नाची गोष्ट हवी तशी बदलून लिहायची आणि ती नवी गोष्ट रोज थोडा वेळ मनात घोळवायची, बऱ्याच जणांची वाईट स्वप्नं त्याने कमी होतात.